प्राचीन कलेतल्या अवघड टर्म्स: पाठ न करता वस्तूकडे बघत बघत कशा शिकायच्या

प्रागैतिहासिक आणि प्राचीन कलेचा अभ्यास सुरू केला की पहिल्या दोन-तीन प्रकरणांतच शब्दांचा मारा सुरू होतो, पॅरायटल, रजिस्टर, स्टेला, कॉर्बेल, एन्टॅसिस, काँट्रापोस्टो, आणि मग बहुतेक जण काय करतात तर वहीत दोन रकाने आखतात, डावीकडे शब्द उजवीकडे अर्थ, आणि घोकत बसतात. परीक्षेपुरतं टिकतं ते. नंतर म्युझियममधे एखाद्या शिल्पासमोर उभं राहिलं की एक शब्द तोंडातून निघत नाही. माझं सरळ म्हणणं आहे की यातली प्रत्येक टर्म म्हणजे कुणीतरी एखाद्या वस्तूला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्न डोक्यात पक्का असेल तर शब्द आपोआप चिकटतो. म्हणून खाली शब्दांची यादी नाहीये, प्रश्नांचा क्रम आहे. समोर एक फोटो ठेवा आणि या क्रमाने चला, अधूनमधून अडलात तरी चालेल.

पायरी १: हे कधीचं आहे?

आधी तारखांचा घोळ मिटवून टाका. इसपूचे, म्हणजे इसवी सनापूर्वीचे, आकडे उलटे चालतात, इसपू ३१०० हे इसपू २६०० च्या आधीचं. इसपू तिसरं सहस्रक म्हणजे इसपू ३००० ते २००१. आणि "१७,००० वर्षांपूर्वी" आणि "इसपू १७,०००" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधे साधारण दोन हजारांचा फरक पडतो. नोट्स काढताना कुठली पद्धत वापरताय ते एकदा ठरवा, कारण एका पुस्तकातून एक आणि दुसऱ्यातून दुसरी तारीख उचलली की टाइमलाइनची पार खिचडी होते.

आता "प्रागैतिहासिक". लिखाण सुरू व्हायच्या आधीचं, एवढाच त्याचा अर्थ, आणि म्हणूनच ती सगळ्या जगासाठी एक तारीख नाही. मेसोपोटेमिया आणि इजिप्तमधे इसपू ३२०० च्या आसपास लेखन आलं, ब्रिटनमधे ते थेट रोमन काळाच्या तोंडावर पोचलं. त्यामुळे इसपू २५०० च्या सुमारास स्टोनहेंजचे मोठे दगड उभे राहत होते आणि साधारण त्याच सुमारास गिझाचे पिरॅमिड बांधले जात होते, तरी पहिलं प्रागैतिहासिक आणि दुसरं ऐतिहासिक. सिंधू संस्कृतीसारख्या ठिकाणी लिपी आहे पण ती अजून वाचता आलेली नाही, तिथे आद्य-ऐतिहासिक असा मधला शब्द वापरतात.

पाषाण, कांस्य, लोह ही तीन युगांची विभागणी डेन्मार्कच्या थॉमसनने १९ व्या शतकात म्युझियममधल्या वस्तू लावताना केली, आणि पाषाणयुगाचे जुनं आणि नवं असे भाग लबकने १८६५ मधे पाडले. पुराश्मयुग म्हणजे शिकार करून, गोळा करून जगणारे लोक आणि छिलून काढलेली दगडी हत्यारं, नवाश्मयुग म्हणजे शेती, पाळीव जनावरं, घासून गुळगुळीत केलेली हत्यारं, स्थायिक वस्ती, आणि या दोघांच्या मधलं ते मध्याश्मयुग. लक्षात ठेवायची गोष्ट ही की हे जगण्याच्या पद्धतीचे टप्पे आहेत. पश्चिम आशियात नवाश्मयुग इसपू १०,००० च्या आसपास सुरू होतं आणि ब्रिटनमधे इसपू ४००० च्या आसपास, म्हणजे नुसतं "नवाश्मयुगीन" म्हणून तारीख कळत नाही, कुठलं तेही सांगावं लागतं. आणि हे टप्पे वाटतात तितके सरळ नाहीतच, तुर्कस्तानातलं गोबेक्ली टेपे बघा, इसपू ९५०० च्या सुमाराचे टी आकाराचे दगडी खांब, काही साडेपाच मीटर उंच, त्यावर कोल्हे, विंचू, पक्षी कोरलेले, आणि तिथे मातीची भांडी नाहीत, हाडं सापडली ती जंगली प्राण्यांची. आधी शेती मग मोठी बांधकामं, हा क्रम त्या जागेने चांगलाच हलवला.

तारीख ठरते कशी हे थोडं तरी माहीत पाहिजे, नाहीतर पुस्तकातला "सुमारे" हा शब्द उगाच लावल्यासारखा वाटतो. रेडिओकार्बन पद्धत फक्त एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींवर चालते, लाकूड, हाड, कोळसा. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५,७३० वर्षांचा, त्यामुळे साधारण ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्यासारखं फारसं काही उरत नाही. फ्रान्समधल्या शोवे गुहेत (१९९४ मधे सापडली) चित्रं कोळशाने काढलेली आहेत म्हणून त्यांची थेट तारीख काढता आली, सगळ्यात जुनी चित्रं ३६,००० वर्षांच्या आसपास जातात. याउलट गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड आणि काळा मँगनीज, ही खनिजं, त्यांत कार्बन नाही, मग तिथे आजूबाजूला सापडलेल्या वस्तूंवरून अंदाज बांधावा लागतो. आणि कोळशाची तारीख म्हणजे झाड मेलं ती तारीख, चित्र काढल्याची नव्हे, हे बरेच जण विसरतात. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर तिसरीच युक्ती वापरली, चित्रावर पाणी झिरपून चुन्याचा पातळ थर चढला होता त्याचं वय युरेनियमवरून काढलं. थर चित्राच्या नंतरचा, म्हणून मिळतं ते किमान वय, चित्र त्याहून जुनंही असू शकतं. २०२४ मधे तिथल्या एका डुक्कर आणि माणसांच्या चित्राचं असं किमान वय ५१,२०० वर्षं निघालं.

याशिवाय सापेक्ष कालगणना, म्हणजे आकडा नाही पण आधी-नंतर कळतं. उत्खननात खालचा थर जुना वरचा नवा, आणि चित्रांत एकावर एक काढलेली चित्रं, याला सुपरइम्पोझिशन म्हणतात. भीमबेटकाच्या एकाच भिंतीवर कितीतरी पिढ्यांची चित्रं एकमेकांवर चढलेली दिसतात, जंगली प्राण्यांच्या वरून घोडेस्वार गेलेले वगैरे. कुठली रेष कुठल्या रेषेच्या वर जाते ते नीट बघा, क्रम लागतो.

पायरी २: कुठे होतं, आणि हलवता येतं का?

गुहेच्या भिंतीवर, छतावर असलेली कला ती पॅरायटल, आणि उचलून नेता येते ती पोर्टेबल. फरक साधा आहे पण त्यावर बरंच अवलंबून असतं. फ्रान्समधल्या लास्को गुहेतला सगळ्यात मोठा बैल पाच मीटरहून लांब आहे, तो बघायला माणसालाच अंधारात दिवा घेऊन आत जावं लागायचं. विलेनडॉर्फची स्त्रीमूर्ती, १९०८ मधे ऑस्ट्रियात सापडलेली, जेमतेम ११ सेंटिमीटरची, मुठीत मावते, पावलं नाहीत त्यामुळे उभी राहत नाही, चेहरा नाही, डोक्यावर गोल गोल वेटोळी, अंगावर लाल गेरूचे अंश. एवढं वर्णन करता आलं की निम्मं काम झालं, आणि इथेच थांबायला शिका. तिला "व्हीनस" म्हणायची प्रथा पडली पण ती रोमन देवीच्या पंचवीसेक हजार वर्षं आधीची आहे, म्हणून आता बरेच जण नुसतं विलेनडॉर्फची स्त्री म्हणतात. प्रजननाची देवता होती वगैरे जे ठामपणे लिहिलेलं असतं तो अंदाज आहे, पुरावा नव्हे.

सापडलेल्या जागेसाठी दोन टर्म्स आहेत ज्या सतत एकमेकींत मिसळतात. प्रोव्हिनियन्स म्हणजे वस्तू जमिनीत नेमकी कुठे, कुठल्या थरात, कशाशेजारी सापडली. प्रोव्हेनन्स म्हणजे त्यानंतर ती कुणाकुणाच्या हातून गेली, मालकीचा इतिहास. पहिली गेली की वस्तू मुकी होते. ग्रीसच्या सायक्लॅडिक बेटांवरच्या संगमरवरी मूर्तींचं हेच झालं, हाताची घडी घातलेल्या त्या गुळगुळीत बायका २० व्या शतकात बाजारात इतक्या चालल्या की कबरी लुटून बाहेर काढल्या गेल्या, आता बऱ्याचशा मूर्ती कुठल्या कबरीतल्या, कुणाच्या बाजूला ठेवलेल्या, काही सांगता येत नाही. आणि ज्या पांढऱ्याशुभ्र साधेपणाचं आधुनिक कलाकारांना एवढं कौतुक वाटलं त्यावर मुळात रंग होता! जागच्या जागी असलेल्या वस्तूला इन सिटू म्हणतात, फोटोखाली हा शब्द दिसला की तो फोटो जपून ठेवा.

पायरी ३: कशाचं बनलंय आणि कसं?

इथे मुळात तीनच रीती आहेत, काढून टाकत जाणं, भर घालत जाणं आणि ओतणं. दगड, हस्तिदंत, लाकूड कोरताना आपण वजा करतो, चूक झाली की परत चिकटवता येत नाही. जर्मनीतला सिंहमुखी माणूस, ३१ सेंटिमीटरचा, सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीचा, मॅमथच्या सुळ्यातून असा वजा करत काढलाय. माती थापताना भर घालतो. चेक देशातल्या डोल्नी व्हेस्टोनिसला मातीची भाजलेली स्त्रीमूर्ती मिळाली ती पंचवीस हजार वर्षांहून जुनी, म्हणजे तिथे भांडी यायच्या कितीतरी हजार वर्षं आधी लोकांना माती भाजता येत होती, फक्त मडकी करायची गरज वाटली नव्हती.

ओतकामातली मेणाची पद्धत, लॉस्ट वॅक्स, ही क्रमानेच समजून घ्या. आधी मेणात हवी ती मूर्ती बनवायची. तिच्यावर बारीक मातीचे थर चढवायचे, मेण बाहेर यायला आणि धातू आत जायला भोकं ठेवायची. मग तापवायचं, माती घट्ट होते, मेण वितळून वाहून जातं, आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्यात वितळलेलं कांसं ओतायचं, थंड झालं की माती फोडायची. साचा फुटतो म्हणून मूर्ती एकच होते. मोहेंजोदडोची नर्तिका अशीच बनलीय, जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, आणि जरा बारकाईने बघा म्हणजे पद्धत कशी दिसते ते कळेल: डावा हात जवळजवळ खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला, उजवा कमरेवर, हात आणि धड यांच्यामधे आरपार मोकळी जागा. दगडात अशी काटकुळी, अंगापासून सुटलेली हातपायांची ठेवण पटकन तुटते, धातूत टिकते. म्हणून मूर्ती बघताना "अंगापासून काय काय सुटलंय" हे बघायची सवय लावा, मटेरियल ओळखायला याचा फार उपयोग होतो.

मग रिलीफ, म्हणजे उठाव. पार्श्वभूमीपासून थोडंसं वर आलेलं ते लो रिलीफ, जवळजवळ सुटं झालेलं ते हाय रिलीफ, आणि आकृती पृष्ठभागाच्या पातळीच्या आत ठेवून फक्त कडेने खोल कापलेलं ते संकन रिलीफ, इजिप्तची खासियत. देवळांच्या बाहेरच्या भिंतींवर हे जास्त दिसतं कारण कडक उन्हात त्या खोल कडेची सावली पडते आणि आकृती लांबूनही ठळक दिसते, आतल्या अंधुक भागात उठावाचं काम जास्त. चारी बाजूंनी फिरून बघता येतं ते सुटं शिल्प, इन द राउंड.

चित्रात बघायचं ते रंगद्रव्य आणि ते चिकटलंय कसं. भिंतीवर हात ठेवून भोवती रंग फुंकला तर तो निगेटिव्ह हात, तळव्याला रंग लावून उमटवला तर पॉझिटिव्ह. फ्रेस्को हा शब्द लोक कुठल्याही भित्तिचित्राला लावतात, तसं करू नका. ओल्या चुन्यात रंग मुरवला तरच खरा फ्रेस्को, तो रंग भिंतीचाच भाग होतो, क्रीटमधल्या मिनोअन लोकांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं. इजिप्तच्या कबरींमधली चित्रं कोरड्या गिलाव्यावर आहेत.

पायरी ४: माणूस कसा दाखवलाय?

हा सगळ्यात रसाळ भाग आहे आणि इथे घाई करू नका. यासाठी मी नेहमी एकच वस्तू सुचवतो, नार्मर राजाचा पॅलेट, म्हणजे रंग वाटायच्या पाटाच्या आकाराची वस्तू, इसपू ३१०० च्या सुमाराचा, इजिप्तमधे हायराकोनपोलिसला १८९७-९८ च्या उत्खननात सापडलेला, ६४ सेंटिमीटर उंचीचा ढालीसारखा दगड, दोन्ही बाजूंनी लो रिलीफ. जवळपास सगळ्या टर्म्स यावर एकत्र मिळतात.

एका बाजूला राजा उभा आहे, हातात गदा उगारलेली, दुसऱ्या हाताने शत्रूचे केस धरलेले. त्याचा चेहरा बाजूने, डोळा मात्र समोरून, खांदे समोरून, पाय परत बाजूने. हा झाला कॉम्पोझिट व्ह्यू, शरीराचा प्रत्येक भाग जिथून सगळ्यात स्पष्ट दिसतो तिथून दाखवायचा. ज्याला हे चुकीचं चित्र वाटतं त्याने आधी विचारावं की या लोकांना काय हवं होतं, एका क्षणाचं दृश्य की राजाची पूर्ण, कायमची ओळख. लास्कोच्या बैलांचं शरीर बाजूने आणि शिंगं वळवून काढलेली, त्याला ट्विस्टेड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात, कल्पना त्याच घराण्यातली.

राजाच्या मागे एक माणूस त्याच्या चपला घेऊन उभा आहे, राजाच्या कमरेएवढासुद्धा नाही. तो लांब उभा आहे म्हणून लहान दिसत नाही, त्याचा दर्जा लहान आहे. याला हायरार्किकल स्केल म्हणतात, मोठा माणूस मोठा काढायचा. चप्पलवाला आणि राजा यांच्या पायाखालच्या रेषा बघा, ती ग्राउंड लाइन, आणि अशा रेषांनी दगड आडव्या पट्ट्यांत वाटलाय, ते रजिस्टर. सगळ्यात खालच्या पट्ट्यात पडलेले शत्रू. वर बहिरी ससाणा, म्हणजे होरस देव, पपायरसच्या झुडपावर बसलाय आणि त्या झुडपाला माणसाचं डोकं फुटलंय ज्याला त्याने दोरीने धरलंय, पपायरस म्हणजे नाईलच्या मुखाकडचा खालचा इजिप्त. अशी चिन्हं वाचण्याचं काम ते आयकनोग्राफी. राजाच्या डोक्यावर इथे वरच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या, इजिप्तचा पांढरा मुकुट, आणि दगड उलटला की तोच राजा खालच्या इजिप्तचा लाल मुकुट घालून निघालाय, समोर मुंडकी उडवलेल्या शत्रूंच्या दोन रांगा. त्याच बाजूला लांब मानेच्या दोन प्राण्यांच्या माना एकमेकींत गुंतून मधे गोल खळगा झालाय, डोळ्यांचा रंग वाटायच्या पाटावर असतो तसा, पण एवढा मोठा नक्षीदार पाट रोज वापरायला केला नसणार. दोन्ही बाजूंना वर गायीचे कान असलेल्या देवीचे चेहरे आणि त्यांच्यामधे चौकटीत मासा आणि छिन्नी, हेच राजाचं नाव. म्हणजे चित्र आणि लिखाण अजून पूर्ण वेगळं झालेलं नाही.

हे एकदा डोळ्यात बसलं की बाकीच्या वस्तू या नियमांवरून तपासता येतात. इजिप्तमधे पुढे कॅनन पक्का झाला, उभ्या माणसासाठी पावलापासून कपाळावरच्या केसांच्या रेषेपर्यंत १८ चौकटींची जाळी, गुडघा कुठे, खांदा कुठे सगळं ठरलेलं. नियम कळला की तो मोडणाराही पटकन ओळखू येतो. अखेनातेन राजाच्या काळात, इसपू १४ व्या शतकात, पोट सुटलेलं, लांबट चेहरा, बारीक हात, राजा बायको-मुलींबरोबर बसलाय, ही अमार्ना शैली, आणि तो गेल्यावर थोड्याच काळात गाडी बरीचशी जुन्या रुळावर. मेसोपोटेमियात नाराम-सिन राजाच्या स्टेलावर, म्हणजे उभ्या कोरीव दगडावर, इसपू २२५० च्या सुमारास, रजिस्टर चक्क टाकून दिलेत, सैन्य डोंगर चढतंय, सगळी रचना तिरकी, वर राजा शिंगांचं शिरस्त्राण घालून. शिंगं ही देवांची खूण, म्हणजे स्वतःला देव म्हणवून घेतलंय. आणि असिरियाचा लामासू, पंख असलेला बैल, माणसाचं डोकं, त्याचे पाय मोजा, पाच भरतील. समोरून बघितलं तर दोन पायांवर ठाम उभा, बाजूने बघितलं तर चार पायांनी चाललेला. कॉम्पोझिट व्ह्यूच, फक्त दगडाच्या कोपऱ्यावरून वळवलेला.

पायरी ५: कशासाठी बनवलं?

व्होटिव्ह म्हणजे देवाला वाहिलेली वस्तू. इराकमधल्या तेल अस्मारच्या देवळाच्या जमिनीखाली पुरलेल्या मूर्तींचं उदाहरण सगळीकडे असतं, आणि ते खरंच चांगलं आहे, छातीशी हात जोडलेले, भलेमोठे डोळे, भक्ताच्या जागी देवासमोर अखंड उभी राहायची मूर्ती. फ्युनररी म्हणजे मृतासाठीची, इजिप्तमधे का नावाच्या जीवशक्तीला राहायला शरीर लागतं, ममी खराब झाली तर पुतळा आहे, म्हणून तो कठीण दगडाचा आणि हातपाय न सुटलेला. स्टेला म्हणजे उभा कोरलेला दगड, स्मारक किंवा जाहीरनामा, बॅबिलोनच्या हम्मुराबी राजाचा कायदा अशाच सव्वादोन मीटरच्या काळ्या दगडावर आहे, वर राजा सूर्यदेवासमोर, खाली कायदे. सिलिंडर सील म्हणजे ओल्या मातीवर फिरवायची छोटी नळी, चित्र पट्टीसारखं उमटत जातं, सिंधूचे चौकोनी शिक्के दाबून उमटवायचे.

एक सूचना, "धार्मिक विधीसाठी" हे उत्तर आलं की जरा संशय घ्या. कधी खरं असतं, कधी ते फक्त "उपयोग समजला नाही" याचं सभ्य रूप असतं. तसाच "आदिम" हा शब्दही जपून. स्पेनमधल्या अल्तामिराची चित्रं १८७९ मधे साउतुओलाने पुढे आणली तेव्हा जाणकारांनी ती बनावट ठरवली, कारण पाषाणयुगातला माणूस इतकं सुंदर काढेल हे कुणाला पटेना. १९०२ मधे कार्तेयाक या मोठ्या विरोधकाने जाहीरपणे माघार घेतली, तोपर्यंत साउतुओला जग सोडून गेला होता.

पायरी ६: बांधकाम असेल तर वजन कोण पेलतंय?

मेगालिथ म्हणजे मोठा दगड. एकटा उभा तो मेनहिर, उभ्या दगडांवर आडवा ठेवून केलेली खोली ती डॉल्मेन, गोलात मांडलेले ते क्रॉमलेक. हेंज म्हणजे गोल बांध आणि आतल्या बाजूला चर, गंमत म्हणजे स्टोनहेंजमधे मुख्य चर बांधाच्या बाहेर आहे त्यामुळे व्याख्येप्रमाणे ते हेंजच नाही.

दोन उभे एक आडवा, ही पोस्ट अँड लिंटेल पद्धत. दगड दाबाला तगडा पण वाकवायला गेलं की तडकतो, म्हणून खांब जवळजवळ लागतात, इजिप्तमधल्या कर्नाकच्या हायपोस्टाइल, म्हणजे खांबांवर छत पेललेल्या, हॉलमधे तर १३४ खांब आहेत, हॉल कमी आणि खांबांचं जंगल जास्त. स्टोनहेंजच्या आडव्या दगडांत खाचा आणि उभ्यांना वर गुंडे आहेत, सुतारकामातला सांधा दगडात उतरवलेला. जास्त जागा झाकायची तर कॉर्बेल, पुस्तकांची थप्पी लावताना प्रत्येक पुस्तक जरा जरा पुढे सरकवत नेलं आणि समोरून दुसरी थप्पी तशीच आली की वर दोन्ही भेटतात, तसं. आयर्लंडचं न्यूग्रेंज (इसपू ३२०० च्या सुमाराचं) आणि ग्रीसमधल्या मायसीनीची अॅट्रियसची तथाकथित तिजोरी, जी खरं तर कबर आहे, दोन्ही कॉर्बेलवर उभी. खऱ्या कमानीत दगड पाचरीसारखे कापलेले असतात आणि एकमेकांना ढकलून धरतात, तिचा मोठ्या प्रमाणावर फायदा रोमन लोकांनी उठवला. ओळखायची खूण, सांधे आडवे दिसले तर कॉर्बेल, मध्याकडे तिरके वळत गेले तर कमान.

झिग्गुरात आणि पिरॅमिड यांत गोंधळ नको. झिग्गुरात विटांचा चौथरा, वर देऊळ, चढायला जिने. पिरॅमिड ही कबर. मस्तबा म्हणजे सपाट माथ्याची कबर, इम्होतेपने जोसेर राजासाठी असे टप्पे एकावर एक चढवले आणि सक्काऱ्याचा पायऱ्यांचा पिरॅमिड झाला.

पायरी ७: ग्रीक भाग

खांबांचे प्रकार पटकन उरकू. डोरिक साधा, खाली बैठक नाही, आयोनिकला वर दोन वेटोळी, कोरिन्थियनला पानं. खांब मधे किंचित फुगवलेला असतो तो एन्टॅसिस. पार्थेनॉन (इसपू ४४७ ते ४३२) मुळात डोरिक असून आत आयोनिक पद्धतीची सलग फ्रीज, म्हणजे भिंतीच्या वरच्या भागातला कोरीव पट्टा, आहे, हा प्रश्न परीक्षेत येतोच येतो.

शिल्पात कूरोस बघा, इसपू ६०० च्या आसपासचा उभा तरुण, डावा पाय पुढे, मुठी आवळलेल्या, इजिप्तचा प्रभाव सरळ दिसतो, पण इजिप्तच्या मूर्तीत पायांमधला दगड तसाच ठेवतात आणि कूरोसमधे तो काढून टाकलाय, शिवाय अंगावर कपडा नाही. मग इसपू ४८० च्या सुमारास क्रिटिओस बॉय या मूर्तीत वजन एका पायावर जातं, दुसरा गुडघा सैल, एक नितंब वर, मान जराशी वळलेली. हा काँट्रापोस्टो. शब्द विसरलात तर स्वतः उभं राहून एका पायावर वजन टाका, कंबर काय करते बघा. पॉलिक्लिटस या ग्रीक शिल्पकाराचा भालाधारी मूळ कांस्याचा होता, तो गेला, आपण बघतो त्या रोमन संगमरवरी नकला, पायाशी आधाराला दगडी खोड ठेवलेलं दिसतं त्याचं कारण हेच, पातळ घोट्यांवर संगमरवराचं वजन पेलत नाही.

लाल-काळ्या ग्रीक भांड्यांबद्दल जरा थांबतो कारण इथे बहुतेकांना वाटतं की काळा रंग लावलाय. काळा रंग नाहीच. भांड्याचीच लोहयुक्त माती अतिशय बारीक गाळून तिचा पातळ लेप लावायचा आणि एकाच भाजणीत भट्टीची हवा तीन वेळा बदलायची. आधी भरपूर हवा, सगळं लाल. मग हवा बंद, ओलं जळण टाकायचं, सगळं काळं, आणि याच वेळी बारीक लेप जवळजवळ काचेसारखा बंद होतो. मग परत हवा सोडायची, सच्छिद्र भांडं पुन्हा लाल होतं, बंद झालेला लेप काळाच राहतो. ब्लॅक-फिगरमधे आकृती लेपाने काढून आतल्या रेषा टोकदार हत्याराने खरवडतात. इसपू ५३० च्या सुमारास अथेन्समधे उलटं केलं, पार्श्वभूमी लेपाने भरली आणि आकृती लाल सोडली, आतल्या रेषा ब्रशने, त्यामुळे स्नायू, कपड्यांच्या चुण्या, वळलेली शरीरं सगळं मोकळं झालं. खरवडलेली रेषा की ब्रशची, एवढं बघितलं तरी शंका मिटते.

पायरी ८: सरावाला ऊरचं स्टँडर्ड

ब्रिटिश म्युझियमच्या वेबसाइटवर याचा फोटो मोठा करून बघता येतो. मेसोपोटेमियातल्या ऊर शहरात सापडलेली साधारण इसपू २५०० ची पेटी, शिंपले, लाल चुनखडी आणि निळा लाजवर्द डांबरात बसवलेला, म्हणजे इनले. तिथे उत्खनन करणाऱ्या लेनर्ड वूलीला वाटलं की ही काठीवर लावून मिरवायची निशाणी असावी म्हणून नाव स्टँडर्ड पडलं, प्रत्यक्षात काय होतं ते ठरलेलं नाही. आधी वरचे सगळे प्रश्न क्रमाने विचारा, उत्तरं एका ओळीत लिहा, आणि मगच पुस्तक उघडा. किती रजिस्टर आहेत ते मोजा. युद्धाच्या बाजूला राजा शोधा, त्याचं डोकं वरच्या चौकटीच्या किनारीत घुसलंय, त्याला कुठली टर्म लावाल? मेजवानीच्या बाजूला बसलेल्यांमधे तो कुठला, आणि कशावरून? मग युद्धाच्या सगळ्यात खालच्या पट्ट्यात रथ ओढणारी जनावरं डावीकडून उजवीकडे बघत जा, पहिली जोडी चालतेय, पुढच्यांचा वेग वाढत जातो, शेवटची चौखूर उधळलीय आणि खुरांखाली माणसं आहेत. ते चार वेगवेगळे रथ आहेत की एकच रथ वेग घेताना दाखवलाय, यावर वहीत दोन बाजूंनी लिहून बघा.